ॲसिडिटीत स्वादुपिंडाचा हात किती?

मागच्या अंकात या पानावर स्वादुपिंड, म्हणजे आपलं पॅनक्रियाज, रक्तातली साखर कशी सांभाळतं यावर थोडं लिहिलं होतं, आणि आता आलेली पत्रं बघते तर साखरेबद्दल कमी आणि ॲसिडिटीबद्दलच जास्त. ठाणे काय नि नवी मुंबई काय, सगळ्यांच्याच पोटात आग पडलेली दिसतेय. प्रश्न मात्र चांगले आहेत, कारण जठराच्या अगदी मागेच स्वादुपिंड असतं आणि दोघांचं आपसात काही ना काही चालूच असतं, फक्त लोकांना वाटतं तसं नाही. पहिल्या पत्राला जास्त जागा देतेय, त्यातली गोष्ट घाईची आहे.

प्रश्न : माझी आई ६१ वर्षांची आहे, आम्ही कोपरखैरण्याला राहतो. तिला डायबेटिस आहे, सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी घेते. संकष्टी ती काही केल्या सोडत नाही, दिवसभर चहा आणि एखादं केळं यावर काढते आणि चंद्रोदय झाल्यावरच जेवते. गेले काही महिने संकष्टीच्या संध्याकाळी सात-साडेसातला तिच्या पोटात आग पडते, तोंडाला आंबट पाणी सुटतं, हात थरथरतात, घाम फुटतो. आम्ही ॲसिडिटीचं गुलाबी औषध देतो, त्याने काही फरक पडत नाही, पण जेवायला बसली की दहा-पंधरा मिनिटांत ठणठणीत. शेजारच्या काकू म्हणतात उपाशीपोटी पित्त चढणारच. माझा मामेभाऊ एमबीबीएसला आहे, तो म्हणतो इन्सुलिनने ॲसिड वाढतं. पण आई तर इन्सुलिन घेतच नाही. मग खरं काय?
(एक वाचिका, कोपरखैरणे)

उत्तर : ताई, भाऊ अर्धा बरोबर आहे, काकूही थोड्याफार बरोबर आहेत, पण ते नंतर. घाम, थरथर, आणि खाल्ल्यावर दहा मिनिटांत सगळं शांत, हे वाचून मला दाट संशय येतोय की त्या वेळी आईंची शुगर खाली गेलेली असते. पुढच्या वेळी आधी ग्लुकोमीटर लावा, बाटली नंतर. आकडा ७० च्या खाली आला तर हायपो, म्हणजे शुगर धोक्याइतकी पडली असं समजायचं, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. मशीन हाताशी नसेल तर वाट बघू नका, हायपोच आहे असं धरून साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा, अजून खालीच असेल तर परत तेवढीच. बिस्किट, पेढा, चॉकलेट असलं काही आधी नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. पूर्ण शुद्धीवर असतील तरच तोंडाने द्यायचं हं, गुंगीत असतील तर घशात काही ओतू नका, सरळ १०८ ला फोन. आणि एक बारीक गोष्ट, गोळीच्या पाकिटावर वोग्लिबोज किंवा अकार्बोज असं तिसरं नाव आहे का ते आजच बघून घ्या, आपल्याकडे असल्या तीन-तीन औषधांच्या गोळ्या खूप चालतात, आणि ते औषध आतड्यात साध्या साखरेचे तुकडे होणंच लांबवतं, म्हणजे अशा माणसाला हायपो झाला तर चमच्याने साखर देऊन भागत नाही, साधी ग्लुकोज पावडर लागते. ती घरात आणून ठेवा.

अजून एक, घाबरवायला नाही पण सांगायलाच हवं. शुगर नॉर्मल निघाली आणि तरीही पोटाच्या वरच्या भागात जळजळ नि गार घाम असेल तर ते हृदय असू शकतं. डायबेटिसवाल्यांना छातीत न दुखताही ॲटॅक येतो. तिथे ईसीजी लागतो, आणि तो त्याच रात्री.

आता तुमच्या भावाकडे येऊ. आई इंजेक्शन घेत नाहीत हे खरं, पण ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना ढकलून ढकलून त्यांचंच इन्सुलिन बाहेर काढायला लावते, आणि समोर जेवण आलंय का नाही याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. एकट्या मेटफॉर्मिनचं तसं नाही, त्याने शुगर सहसा एवढी पडत नाही. म्हणजे सकाळी गोळी पोटात, दिवसभर एक केळं, संध्याकाळपर्यंत इन्सुलिन आपलं काम करतंच आहे आणि करायला साखर उरलेली नाही.

पण यात गंमत अशी की इन्सुलिन जठराला जाऊन 'ॲसिड बनव' असं सांगत नाही. इन्सुलिन देताना सोबत ग्लुकोजचं सलाईन चालू ठेवलं आणि शुगर पडूच दिली नाही तर ॲसिड वाढत नाही. ॲसिड वाढवते ती पडलेली शुगर. मेंदूला कळतं की इंधन संपत आलंय, मग तिथून व्हेगस नावाच्या लांबलचक नर्व्हमधून जठराला निरोप जातो, नर्व्हच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, ते जठराच्या ॲसिड बनवणाऱ्या पराएटल पेशींना चेतवतं, शेजारच्या पेशींतून हिस्टामीन सुटतं, गॅस्ट्रिन हे जठराचं हार्मोनही वाढतं, आणि हे तिघं मिळून ॲसिड ओतायला लागतात. जेवणाचा नुसता वास आला की पोटात जी तयारी सुरू होते ना, तीही याच व्हेगसच्या वाटेने. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हने कुत्र्यांवर हे दाखवलं, त्याला १९०४ चं नोबेल पचनाच्या याच कामाबद्दल मिळालं, ती घंटा वगैरे लोकांच्या डोक्यात राहिली ते वेगळं.

आणि एकेकाळी डॉक्टर हे मुद्दाम करायचे बरं का. अल्सरवर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या तेव्हा शिकागोचे सर्जन लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी १९४३ पासून व्हेगस कापायची ऑपरेशनं सुरू केली, म्हणजे निरोपच तोडायचा. मग प्रश्न असा की सगळ्या फांद्या कापल्या गेल्या का एखादी राहिली, हे ओळखायचं कसं? त्यासाठी फ्रँकलिन हॉलंडर यांनी त्याच दशकात एक टेस्ट बसवली. पेशंटला शिरेतून इन्सुलिन द्यायचं, शुगर ४५-५० च्या खाली पाडायची, आणि नाकातून जठरात घातलेल्या राइल्स ट्यूबने दर १५ मिनिटांनी रस काढत दोन तास ॲसिड मोजत बसायचं. व्हेगस शाबूत असेल तर ॲसिड भसाभस वाढायचं, नीट कापलेली असेल तर शुगर कितीही पडो, ॲसिड जागचं हलायचं नाही. टेस्ट धोक्याची होती, शुगर एवढी पाडणं म्हणजे खेळ नाही, आणि पुढे औषधं आली तशी ती ऑपरेशनंही मागे पडली, पण इन्सुलिन आणि ॲसिड यांचं नातं नेमकं कुठून जातं याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. तुमच्या घरी संकष्टीला संध्याकाळी नकळत तीच टेस्ट चाललेली असते, फक्त नळी नसते.

म्हणून गुलाबी औषधाने काही होत नाही. ते झालेलं ॲसिड मारतं, पडलेली शुगर तशीच राहते. उलट जळजळ जरा कमी झाली तर अजून तासभर चंद्राची वाट बघायला जोर येतो, आणि ते वाईट.

काकूंचं म्हणाल तर डायबेटिस नसलेल्या माणसाचं जठरही उपाशीपोटी थोडं ॲसिड काढतच असतं आणि ते शोषून घ्यायला अन्न नसतं, त्यामुळे उपासाला जळजळ होऊ शकते. पण त्या माणसाची शुगर ग्लुकागॉन, म्हणजे स्वादुपिंडाचंच साखर वर आणणारं हार्मोन, आणि लिव्हर मिळून धरून ठेवतात, थरथर-घाम होत नाही. फरक तिथे आहे.

पुढच्या संकष्टीच्या आधी आईंना डॉक्टरांकडे न्या, 'उपासाच्या दिवशी या गोळीचं काय करायचं' एवढंच विचारा, ते डोस बदलतील किंवा गोळीच बदलतील, तुम्ही मनाने बंद करू नका. आणि हायपो झाला तर उपास तिथेच मोडायचा, हे आईंकडून आधीच कबूल करून घ्या. बाप्पा बुद्धीची देवता आहे, तो समजून घेईल.

प्रश्न : मी ठाण्यात बीएससी नर्सिंगला आहे. स्वादुपिंडाची हार्मोन्स जठरातल्या ॲसिडवर काय परिणाम करतात यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो. सिनियरच्या नोट्समध्ये पॅनक्रियाटिक पॉलिपेप्टाइडने ॲसिड वाढतं असं लिहिलंय, दुसऱ्या नोट्समध्ये कमी होतं. सोमॅटोस्टॅटिन कुणाचं धरायचं, जठराचं का स्वादुपिंडाचं? डोकं फिरलंय.
(एक विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : बाळा, पहिली नोट कोंबडीची आहे. खरंच सांगतेय. हे पॉलिपेप्टाइड १९६८ मध्ये सापडलं तेच मुळी कोंबडीच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन शुद्ध करताना, आणि कोंबडीला ते टोचलं तर तिच्या जठरात ॲसिड चांगलंच वाढतं. कुणीतरी ते वाक्य उचललं आणि नोट्समधून नोट्समध्ये ते पुढे गेलं. दुसरी नोट माणसाची आहे पण जरा ताणलेली. माणसात ॲसिडवर त्याचा परिणाम नगण्य, त्याचं खरं काम स्वादुपिंडाचा पाचकरस आणि पित्ताशयाचं आकुंचन कमी करणं. एक गोष्ट मात्र लिहायला विसरू नकोस, ते सुटतं व्हेगसच्याच सांगण्यावरून, जेवल्यावर सुटतं आणि शुगर पडली तरी सुटतं, म्हणून व्हेगस काम करतेय का हे बघायला रक्तात ते मोजतात.

आता सगळ्यांचा विचार एकत्र कर. पाठ करू नकोस, एवढं लक्षात ठेव की स्वादुपिंडाची हार्मोन्स ॲसिडच्या बाबतीत जवळजवळ सगळी ब्रेकवर पाय ठेवून असतात. ॲक्सिलरेटर दाबला जातो तो फक्त इन्सुलिनने शुगर पाडली तर, आणि तोही व्हेगसमार्गे, वरच्या कोपरखैरण्याच्या ताईंचं उत्तर वाच. पेपरात 'इन्सुलिनने ॲसिड वाढतं' एवढंच लिहिलंस तर मी तरी अर्धाच मार्क दिला असता. उलट रक्तात साखर खूप चढलेली असते तेव्हा ॲसिड कमी होतं आणि जठर रिकामं व्हायलाही उशीर लागतो, हेही लिही.

ग्लुकागॉन ॲसिड कमी करतं आणि जठराची हालचालही मंदावतं, पण हा परिणाम ठळक दिसतो तो इंजेक्शनच्या डोसला. एक्सरेवाले काही तपासण्यांच्या आधी ग्लुकागॉन देतात ते पोट-आतडं स्थिर राहावं म्हणूनच. रोजच्या जेवणात रक्तातल्या ग्लुकागॉनने ॲसिड किती हलतं म्हणशील तर फार नाही.

सोमॅटोस्टॅटिन हा यातला सगळ्यात कडक ब्रेक. तो गॅस्ट्रिन थांबवतो, हिस्टामीन थांबवतो, आणि थेट पराएटल पेशीलाही थांबवतो, म्हणजे कुठूनच वाट ठेवत नाही. स्वादुपिंडाच्या डेल्टा पेशी तो बनवतात हे खरं, पण रक्तात तो दोन-तीन मिनिटंच टिकतो, आणि स्वादुपिंडातलं रक्त आधी लिव्हरकडे जातं, त्यामुळे तिथून निघून जठरापर्यंत जोमात पोचायची त्याची शक्यता कमीच. जठराला लागणारा सोमॅटोस्टॅटिन जठरातच बनतो, तिथल्या डी पेशी ॲसिड फार झालं, पीएच ३ च्या खाली गेला, की तो सोडतात आणि शेजारच्या गॅस्ट्रिन बनवणाऱ्या पेशींना गप्प करतात. म्हणून उत्तर : हार्मोन एकच, बनतं दोन्हीकडे, ॲसिडचा कारभार जठरातल्याकडे. त्याचाच जास्त टिकणारा भाऊ ऑक्ट्रिओटाइड तू वॉर्डात बघशील, लिव्हर सिऱ्हॉसिसच्या पेशंटला रक्ताची उलटी झाली की ड्रिपमधून चालू करतात तो.

आणि उलट्या दिशेचा हिशोब विसरू नकोस, परीक्षक खूश होतात. जठरातलं ॲसिड खाली ड्युओडिनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, उतरलं की तिथून सिक्रीटिन सुटतं, ते स्वादुपिंडाला बायकार्बोनेटचं पाणी सोडायला लावतं आणि ॲसिड निवतं. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी लंडनला १९०२ मध्ये हे शोधलं, माणसाला माहीत झालेलं हे पहिलं हार्मोन. म्हणजे हार्मोनचा सगळा विषयच पोटातल्या ॲसिडपासून सुरू झालाय. बाकी स्वादुपिंडातल्या पेशींच्या ज्या पुंजक्यांची ही हार्मोन्स, ते स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच असतात. पॉल लँगरहान्सने ते १८६९ मध्ये प्रबंधासाठी मायक्रोस्कोपखाली पाहिले तेव्हा तोही बर्लिनमध्ये शिकतच होता, आणि ते पुंजके करतात काय हे त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा डोकं फिरलं तरी हरकत नाही.

प्रश्न : वय ४७, नौपाड्यात राहतो, दहा वर्षं ॲसिडिटी आहे. रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेतो. मध्यंतरी एका लॅबच्या मोठ्या पॅकेजमध्ये गॅस्ट्रिनची टेस्ट होती, ती २८० आली, नॉर्मल १०० च्या आत लिहिलंय. मोबाईलवर शोधलं तर स्वादुपिंडाची गाठ असं आलं. तेव्हापासून झोप उडालीय. वजन, भूक सगळं ठीक आहे, जुलाब नाहीत.
(एक वाचक, नौपाडा)

उत्तर : दादा, पहिल्यांदा झोपा. तुम्ही रोज पॅन्टोप्राझोल घेताय आणि त्या गोळीवर असताना गॅस्ट्रिन मोजलंय, म्हणजे २८० यायलाच हवं होतं असं मी म्हणेन. गोळी ॲसिडचा पंप बंद करते, जठरात ॲसिड कमी झालं की मघाशी सांगितलेल्या डी पेशींचा ब्रेक सुटतो, आणि गॅस्ट्रिन बनवणाऱ्या पेशींना वाटतं अरे ॲसिड नाहीये, बनवा अजून गॅस्ट्रिन. गोळी चालू असताना आकडा दुप्पट-तिप्पट होणं ही रोजची गोष्ट आहे. असली टेस्ट कुठलाही प्रश्न न विचारता पॅकेजात घालणं हे मला अजिबात पटत नाही, लोकांना घाबरवायचे धंदे आहेत, पण तो वेगळा विषय.

तुम्ही मोबाईलवर जे वाचलंत ते खोटं नाही, फक्त तुमचं नाही. १९५५ मध्ये ओहायोतले दोन सर्जन, झोलिंजर आणि एलिसन, यांनी दोन पेशंट मांडले. दोघांना लहान आतड्यात, जिथे सहसा अल्सर होत नाही तिथे, अल्सर होत होते, ऑपरेशन केलं तरी परत, आणि दोघांच्या स्वादुपिंडात गाठ. त्यांनी अंदाज बांधला की ही गाठच काहीतरी रसायन सोडून जठराला ॲसिड ओतायला लावतेय. पुढे ते रसायन म्हणजे गॅस्ट्रिन हे सिद्ध झालं. मोठ्या माणसाच्या निरोगी स्वादुपिंडात गॅस्ट्रिन बनत नाही, ते काम जठराच्या खालच्या भागाचं, म्हणून ही गाठ म्हणजे नियमाला सोडून चाललेला कारभार. अशा गाठी स्वादुपिंडात असतात तशा ड्युओडिनमच्या भिंतीतही असतात, खरं तर तिथेच जास्त सापडतात. त्या काळी गोळ्या नव्हत्या तर जीव वाचवायला अख्खं जठर काढून टाकायचे.

पण हा आजार वर्षाला दहा लाखांत एखाद-दोघांना होणारा. तो कसा दिसतो तेही सांगते म्हणजे तुम्ही तुलना करा : अल्सर एक नाही तर अनेक, नको त्या जागी, बरे झाले तरी परत परत, आणि सोबत पाण्यासारखे जुलाब, जे ॲसिडच्या गोळीने थांबतात. काहींच्या घरात पॅराथायरॉइडचा किंवा पिट्यूटरीचाही त्रास असतो. रक्तात गॅस्ट्रिन हजाराच्या वर आणि जठराचा पीएच २ च्या खाली, दोन्ही एकदम, तर डॉक्टर ठामपणे बोलतात. तुमच्या पत्रात यातलं एकही दिसत नाही.

आणि गाठ झाली की ॲसिड वाढणारच असंही नाही, हे कुणी सांगत नाही. १९५८ मध्ये वर्नर आणि मॉरिसन यांनी वर्णन केलेली स्वादुपिंडाची दुसरी गाठ बरोबर उलटं करते, दिवसाला तीन-तीन लिटर जुलाब, पोटॅशियम तळाला, आणि जठरातलं ॲसिड जवळपास गायब. सोमॅटोस्टॅटिन बनवणारी गाठ असते, तिच्यातही ॲसिड कमीच.

तुम्ही करायचं एवढंच. दहा वर्षं एकच गोळी चालू आहे तर पोटाच्या डॉक्टरांकडे जा, एच. पायलोरी हा जठरातला जंतू आहे का ते तपासा, एंडोस्कोपी कधी झाली नसेल तर करायची का ते विचारा, आणि त्यांना गरज वाटली तर ते गोळी थांबवून गॅस्ट्रिन परत मोजतील. स्वतः फटकन बंद करू नका, इतक्या वर्षांनी बंद केली की ॲसिड काही आठवडे उसळून येतं आणि माणसाला वाटतं आपल्याला गोळीशिवाय जगताच येत नाही. काळी शौचास होणं, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं यातलं काही असेल तर मात्र अंगावर काढू नका.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो, वय ५५, पूर्ण शाकाहारी. मेटफॉर्मिन बारा वर्षं आणि ॲसिडिटीची गोळी सहा-सात वर्षं चालू आहे. पायाला मुंग्या येतात. डायबेटिसच्या नसा म्हणून सोडून द्यायचं का?
(एक वाचक, घोडबंदर रोड)

उत्तर : सोडून नका देऊ, बी-१२ तपासा, आधी तेच. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला ॲसिड लागतं, ते तुम्ही गोळीने दाबलेलं आहे. मग ते शोषायला जठराच्या पराएटल पेशींचा एक घटक लागतो आणि वाटेत स्वादुपिंडाची एन्झाइम्सही लागतात, आणि शेवटी आतड्यात मेटफॉर्मिन त्यात अडथळा आणतं. त्यात तुम्ही शाकाहारी, म्हणजे मुळात येणंच कमी, दूध-दह्यातून येईल तेवढंच. लिव्हरमधला साठा काही वर्षं पुरतो म्हणून त्रास एवढ्या उशिरा दिसतो. मुंग्या डायबेटिसच्याही असतील, पण बी-१२ कमी निघालं तर ते भरून काढता येतं, आणि वेळेत काढलं तर नसा सुधारतात, म्हणून ते शोधायचं. टाइप १ डायबेटिस असलेल्यांना एक जास्तीची सूचना, त्यांच्यात काहींचं शरीर स्वतःच्याच पराएटल पेशींवर हल्ला करतं, तेव्हा त्यांनी बी-१२ आणि हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवावं.

प्रश्न : डॉक्टरांनी डायबेटिस आणि वजनासाठी आठवड्याचं सेमाग्लुटाइड इंजेक्शन दिलंय. तेव्हापासून आंबट ढेकर, पोट भरलेलं. याने ॲसिड वाढतं का?
(एक वाचिका, नेरूळ)

उत्तर : नाही, खरं तर ॲसिड थोडं कमीच होतं. हे औषध ज्याची नक्कल आहे ते जीएलपी-१ मुख्यतः आतड्याचं हार्मोन, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला मदत करतं आणि जठराला सावकाश रिकामं व्हायला लावतं. इन्सुलिनसोबतच बीटा पेशींतून ॲमिलिन नावाचं हार्मोन सुटतं, तेही हेच करतं. म्हणजे दुपारी खाल्लेली भाजी संध्याकाळीही तिथेच, आणि ढेकर आंबट येणारच. थोडं थोडं खा, तळलेलं कमी करा, जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका, डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा. पुढे कधी भूल देऊन ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी व्हायची असेल तर हे इंजेक्शन घेताय हे आठवणीने सांगा, पोटात अन्न उरलेलं असू शकतं. आणि पोटात न थांबणारी कळ पाठीकडे जात असेल, सोबत उलट्या असतील, तर ती ॲसिडिटी समजून घरी बसू नका, स्वादुपिंडाला सूज आली असेल, लगेच हॉस्पिटल.

प्रश्न : ऐरोलीला नाइट शिफ्ट असते. जळजळ झाली की ऑफिसच्या कॅन्टीनमधलं थंड दूध पितो, लगेच बरं वाटतं, तासाभराने परत तेच. दूध चांगलं ना?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : लगेच बरं वाटतं कारण दूध आहे ते ॲसिड शोषून घेतं, आणि तासाभराने परत होतं कारण दुधातलं कॅल्शियम आणि प्रोटीन गॅस्ट्रिन वाढवून नवीन ॲसिड मागवतात. कॉफीचंही तेच, कॅफीन काढलेली असली तरी. एखादा कप दूध प्यायलात तर काही बिघडत नाही, पण ते औषध नव्हे. तुमचा त्रास मला वाटतं सकाळी सहा-सातला घरी पोचून भरपेट नाश्ता करून तसंच झोपण्यात आहे. शेवटचं मोठं खाणं शिफ्टमध्येच उरका, झोपायच्या दोन-तीन तास आधी, डोक्याकडचे पलंगाचे पाय विटांवर उचलून घ्या, आणि डाव्या कुशीवर झोपा.